बायोप्सी झालीय, रिपोर्ट यायचाय... हे मधले दिवस काढायचे कसे?

"मॅडम, गाठीची बायोप्सी झालीय, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील म्हणालेत, तोपर्यंत मी करू काय?" हा प्रश्न मला कितीतरी बायकांनी विचारलाय, कुणी फोनवर रडत, कुणी अगदी शांतपणे, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीला घरच्यांनी एकच सांगितलेलं असतं, पॉझिटिव्ह राहा, काही होत नाही. सांगणाऱ्याचा जीव असतो तिच्यावर, मला माहितीय, पण त्या वाक्यानंतर ती बाई आणखीच गप्प होते, कारण आता भीती वाटली तरी ती बोलून दाखवायची चोरी. म्हणून आज एका ताईंबद्दल लिहितेय. ओळख पटू नये म्हणून बऱ्याच गोष्टी बदलल्यात, नाव आपण मंगलताई धरू.

मंगलताईंचं नाशिकजवळ पोळीभाजी केंद्र आहे, वय शेहेचाळीस, दिवाळी तोंडावर आलेली आणि फराळाच्या ऑर्डरी घेऊन झालेल्या. ब्लाऊजला आतून तपकिरी डाग दिसला, त्यांना वाटलं कशाचा तरी लागला असेल, दोन-तीनदा धुतला, परत दिसला, मग आंघोळीच्या वेळी निप्पलपाशी छोटी गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, आणि फाइलमध्ये लिहून आलं 'बायरॅड्स ४बी', लगेच बायोप्सी करा.

माझ्याकडे आल्या तेव्हा बसता बसताच म्हणाल्या, "चौथी स्टेज आहे मॅडम, मुलीला अजून सांगितलं नाही."

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. बायरॅड्समधला ४ आणि कॅन्सरची चौथी स्टेज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण रिपोर्ट हातात देताना हे एवढं एक वाक्य कुणी सांगत नाही आणि बाई रात्रभर मोबाईलवर चौथ्या स्टेजबद्दल वाचत बसते. बायरॅड्स म्हणजे फोटो बघून रेडिओलॉजिस्टला किती शंका वाटते त्याचा नंबर, ० पासून ६ पर्यंत. ४ म्हणजे शंका आहे, तुकडा काढून बघा. आणि या ४ मध्ये कॅन्सर निघायची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून तर त्याचे ए, बी, सी केलेत, ४बी म्हणजे साधारण १० ते ५० टक्के. स्टेज ही कॅन्सर आहे असं पक्कं झाल्यावर ठरवायची गोष्ट. मी कागदावर लिहून दाखवलं तर ताई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही?" म्हटलं, नाही ठरलेलं. काळजी करण्यासारखं आहे, ते मी नाही म्हणणार नाही, पण ठरलेलं काही नाही.

त्यावर त्या रडल्या. मी रडू दिलं.

बायोप्सी दोन दिवसांपूर्वीच झाली होती. जागा बधिर करून जाड सुईने, स्टेपलरसारखा टक्‌ आवाज येतो ती. त्यानंतर घरी त्या दिवसातून दहा वेळा बाथरूममध्ये जाऊन गाठ दाबून बघत होत्या, आणि त्यांची खात्री झालेली की गाठ वाढलीय, सासूबाई म्हणतच होत्या ना की सुई लावली की कॅन्सर पसरतो. आता हे दोन्ही नीट सांगायला हवं. सुईच्या जागी आत थोडं रक्त साकळतं, काळंनिळं होतं, सूज येते, त्यामुळे हाताला गाठ मोठी लागते, ती ओसरते. आणि बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती खरी नाही, उलट या भीतीने बायका महिनोन्महिने तपासणी टाळतात आणि ते महिने फार महाग पडतात. रिपोर्टला लागणाऱ्या आठ-दहा दिवसांनी मात्र आजाराच्या बाबतीत फारसं काही बदलत नाही, हे त्यांना मी डॉक्टरांना फोन करून विचारायला लावलं, कारण माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या मनात जास्त टिकणार होतं. टिकलं.

गाठ दाबणं एकदम बंद करा असं मी म्हटलं नाही, होत नाही ते. आम्ही ठरवलं की बघायचं तर सकाळी आंघोळीला, एकदाच. इतर वेळी हात तिकडे गेला की उठून दुसरं काहीतरी करायचं.

मग प्रश्न आला की एवढे दिवस लागतात कशाला, मुद्दाम लांबवतात का, वाईट असेल म्हणून सांगत नाहीत का. हा संशय अगदी कॉमन आहे, आणि त्याला उत्तर म्हणजे आत काय चाललंय ते माहीत असणं. काढलेले तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, ते त्यात नीट मुरायला किमान काही तास लागतात, मग मेणात बसवून ब्लॉक करतात, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढून काचेवर घेतात, रंगवतात, मग पॅथॉलॉजिस्ट बघतात, शंका आली तर आणखी काप काढतात, कधी इम्युनो म्हणून जास्तीची टेस्ट लावतात. म्हणजे उशीर झाला याचा अर्थ वाईटच असा काढू नका, आणि त्यात दिवाळीच्या सुट्ट्या आल्या होत्या, लॅब दोन दिवस बंद.

आमच्या भागात बऱ्याचदा ही बाटली नातेवाइकांनाच लॅबमध्ये पोचवायला देतात. मंगलताईंचे मिस्टर ती घेऊन मोटारसायकलवर गेले होते. ते घरात काही बोलतच नव्हते आणि ताईंना वाटत होतं, यांना काही पडलेलीच नाही. पुढच्या भेटीला मी त्यांना सोबत बोलावलं. बराच वेळ खाली मान घालून बसले, मग म्हणाले, "पूर्ण रस्ता ती बाटली शर्टाच्या खिशात होती मॅडम, एका हाताने धरून गाडी चालवली, सांडली तर परत हिला सुई टोचतील म्हणून." ताईंना हे माहीतच नव्हतं. दोघंही दहा दिवस एकमेकांना जपायचं म्हणून गप्प होते आणि एका घरात राहून एकेकटे घाबरत होते. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त काय दिसत असेल तर हेच. त्यामुळे मी घरच्यांना कळकळीने सांगते, धीर देणारी वाक्यं शोधत बसू नका, तुम्हालाही भीती वाटतेय हे तिला सांगा, तेवढं पुरतं.

मुलगी अकरावीत. तिला सांगावं की नाही यावर घरात वाद. सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या जिवाला घोर कशाला. पण पोरीने फाइल आधीच बघितली होती, तिनेही तोच ४ आकडा वाचून तेच गुगल केलं होतं, आणि रोज कॉलेजला जाऊन काहीच झालं नसल्यासारखं वागत होती. मुलांना कळतं हो. "आईला गाठ आलीय, तपासायला दिलीय, काय आहे ते अजून माहीत नाही, कळलं की तुला सांगू," एवढं पुरे होतं त्या वयाला, आणि कळल्यावर खरंच सांगायचं.

आता दिवस कसे काढले ते. ताईंना फराळाचं काम बंद करायचं होतं, मी म्हटलं अर्धं करा. चकल्यांच्या ऑर्डरी ठेवल्या, लाडू जावेकडे दिले. चकली पाडताना पीठ बघावं लागतं, तेल बघावं लागतं, तेवढा वेळ डोकं तिथे असतं. रात्री मात्र तीन वाजता जाग यायची आणि मग चक्र सुरू. त्यासाठी संध्याकाळी साडेसहा ते सात ही काळजीची वेळ ठेवली, वहीत दोन पानं, एका पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, दुसऱ्यावर नुसती भीती, जशी येईल तशी. दिवसभरात विचार आला की मनात म्हणायचं, तुला साडेसहाला बघते. ऐकायला पोरकट वाटतं पण चालतं, सगळ्या वेळी नाही, पण बऱ्याच वेळी. झोपताना फोन हॉलमध्ये. श्वास सोडायचा तो घेतला त्यापेक्षा जास्त वेळ, सावकाश, पाच मिनिटं.

वहीत दुसऱ्या पानावर त्यांनी काय लिहिलं होतं माहितीय? एलआयसीची पॉलिसी कपाटात कुठे आहे, गॅसवाल्याचा नंबर, मुलीला पुरणपोळीचं प्रमाण. मिस्टरांनी ते वाचलं आणि घाबरून माझ्याकडे आले, ही असं का लिहितेय. लिहू द्या म्हटलं. आवराआवर केली की काही जणींना हलकं वाटतं, त्याला अपशकुन समजून वही काढून घेऊ नका. तिने बोलायला घेतलं तर बसून ऐका.

आणि एक गोष्ट मी हल्ली सगळ्यांनाच आधी ठरवायला लावते, रिपोर्ट कोण उघडणार. पूर्वी डॉक्टर समोर बसवून सांगायचे, आता लॅबवाले थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात, दुपारी दोन वाजता, तुम्ही भाजी घेत असता किंवा बसमध्ये असता आणि स्क्रीनवर इंग्रजीतले मोठे मोठे शब्द. आम्ही लॅबमध्ये ताईंऐवजी मिस्टरांचा नंबर द्यायला सांगितला, त्यांनीही उघडायचा नाही, डॉक्टरांकडे फॉरवर्ड करायचा, त्याच दिवशीची वेळ घ्यायची, दोघांनी जायचं, वही न्यायची. आणि एखाद्या नणंदेला सांगून ठेवायचं की बाकीच्या नातेवाइकांचे फोन तू घे. रोज पंधरा जणांना 'अजून नाही आला' सांगणं ही वेगळीच शिक्षा असते.

रिपोर्ट आला पाडव्यानंतर. पॅपिलरी लीजन, म्हणजे दुधाच्या नळीतली वाढ, आणि काही पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, म्हणजे अ‍ॅटिपिकल, पूर्ण गाठ काढून तपासा. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, आणि परत थांबा. असंही होतं, आणि त्याची तयारी कुणाच्याच मनात नसते, सगळे आज काय तो निकाल म्हणून गेलेले असतात. ताई त्या दिवशी खचल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. नंतर मात्र त्यांनीच वही काढली. छोटं ऑपरेशन झालं, परत लॅब, परत तेवढेच दिवस, पण यावेळी घरात बोलणं चालू होतं, पोरगी रात्री आईजवळ झोपायला यायची. अखेरचा रिपोर्ट, कॅन्सर नाही, पण अ‍ॅटिपियामुळे पुढे धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून तपासणी नियमित करत राहायची. करतात त्या.

सगळ्यांचा रिपोर्ट असा येत नाही, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचा कॅन्सरच निघतो. तेव्हाही हेच दिवस उपयोगी पडतात, म्हणजे नवरा-बायको बोलू लागलेले असतात, प्रश्न वहीत लिहिलेले असतात, आणि स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडून मागून घेता येतात हे माहीत असतं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर ते लागतात.

तुम्ही आत्ता वाट बघत असाल आणि सलग कित्येक रात्री झोप नाही, घास उतरत नाही, छाती धडधडते, तर रिपोर्ट आल्यावर बघू असं म्हणून थांबू नका, आजच डॉक्टरांना सांगा, झोपेसाठी थोडे दिवस औषध घेण्यात काही कमीपणा नाही. जगणंच नको असे विचार येत असतील तर घरातल्या कुणालातरी लगेच सांगा, आणि जवळ बोलायला कुणी नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीन वाजताही लागतो आणि मराठीतून बोलता येतं.