पेन घरीच ठेवून ये

प्रिय पोरी,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज, "काका, शब्दकोश झाला, आता पुढचं काय घेऊ?" अगं आधी जेवलीस का ते सांग! ३ वर्षं तू सोलापूरच्या पूर्व भागात, मोहोळला, अक्कलकोटला फिरून आपल्या बोलीतले शब्द गोळा केलेस, कानडीतला कुठला, तेलुगूतला कुठला विचारून विचारून आज्यांना वैताग आणलास, आणि फाईल सेव्ह करून अर्धा तास नाही झाला तर लगेच पुढचं?

ओरडत नाहीये, मीपण हेच केलंय. मागावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्डची डिझाईन काढायचो तेव्हा ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा आणि त्यावरून कार्डं पंच करायची असं काम असायचं, तर एका वॉल हँगिंगवर मी नोकरी सांभाळून ४ वर्षं घातली. मागावरून उतरलं त्या दिवशी खुश व्हायचं सोडून भीतीच वाटली की आता संध्याकाळी करायचं काय, म्हणून तिसऱ्याच दिवशी नवीन ग्राफ घेऊन बसलो. दोन महिन्यांनी विणून बघितलं तर नव्या मोराच्या मानेत जुन्या डिझाईनची वेल! सगळी कार्डं रद्दीत. काकू अजून त्या मोरावरून चिडवते.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, आपण सगळे अक्षता आणि दारूकाम बघतो आणि घरी येतो. पण शेवटच्या दिवशी, साधारण १७ जानेवारीला, मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी असते, ती एकदा बघ. नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्यांची, वस्त्रं उतरवतात, तेव्हा कुठं यात्रा संपते. संपवायलासुद्धा अख्खा एक दिवस ठेवलाय बघ. तूही तसंच कर. वह्या खोक्यात भर, रेकॉर्डिंगची एक कॉपी माझ्याकडे आणून टाक, आणि त्या आज्यांना एकदा भेटून ये, मोबाईल पिशवीत ठेवून, शब्द न विचारता.

मग काही करू नकोस. हे अवघड जातं, पहिले आठ-दहा दिवस हात शिवशिवतील, दुपारी झोपलीस तर चोरी केल्यासारखं वाटेल, घरचे "सध्या काय चाललंय" विचारतील तेव्हा काहीतरी सांगावंसं वाटेल. काही नाही म्हणून सांग. आणि प्लीज आरामाचं टाइमटेबल नको, रोज तलावाला दोन फेऱ्या, महिन्याला चार पुस्तकं वगैरे, ते परत कामच झालं.

माझ्या भावाचं ज्वारीचं रान अख्खा पावसाळा मोकळं असतं, कुळवाच्या पाळ्या घालतो तेवढंच, बाहेरचा माणूस म्हणतो एवढा पाऊस आणि रान रिकामं कसं? पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि मालदांडी ज्वारी मग त्याच मुरलेल्या ओलीवर उभी राहते, थंडीत पाऊस कुठला यायला.

किती दिवस ते मला विचारू नकोस. मला परत ग्राफ घ्यावासा वाटायला ५ महिने लागले, तुला दोन लागतील नाहीतर आठ.

रविवारी घरी ये. कडक भाकरी आहे, काकूने शेंगाची चटणी कुटलीय, दही लावते म्हणाली. बोलता बोलता तिच्या तोंडून एखादा नवा शब्द निघेलच, तू लिहायला पेन मागशील, मी देणार नाही.

तुझा काका