त्सोलफेराइनच्या खाणीत आता काय उरले आहे?

प्रश्न : जर्मनीतील एसेन शहरातल्या त्सोलफेराइन या बंद कोळसा खाणीच्या तांबूस लोखंडी मनोऱ्याचे छायाचित्र पाहण्यात आले. कोळशाच्या खाणीवर इतकी देखणी वास्तू कशासाठी उभारली असेल? खाण बंद झाल्यानंतर तेथे काय शिल्लक आहे?

उत्तर : आपण पाहिलेला मनोरा बाराव्या शाफ्टचा (शाफ्ट म्हणजे खाणीत खोल उतरणारे उभे विवर), म्हणजेच खाणीच्या आयुष्यात बऱ्याच उशिरा आलेल्या भागाचा आहे. मूळ खाण उद्योजक फ्रान्त्स हानिएल यांनी १८४७ मध्ये काढली. लोखंडाच्या भट्ट्यांना लागणारा कोक (कोळसा हवेशिवाय तापवून मिळणारे इंधन) ज्यापासून होईल असा कोळसा त्यांना हवा होता, आणि खाणीला त्यांनी नाव दिले ते १८३४ पासून अस्तित्वात असलेल्या जर्मन राज्यांच्या जकात संघाचे. पुढे एकामागून एक शाफ्ट खणले गेले आणि उपसा ठिकठिकाणी विखुरला. तो एकाच जागी आणून खर्च कमी करावा, या हिशेबाने बारावा शाफ्ट बांधण्यात आला व १९३२ मध्ये तो सुरू झाला. दिवसाला सुमारे १२,००० टन कच्चा कोळसा वर काढण्याची त्याची क्षमता होती. येथून फक्त कोळसा वर येई. खाणकामगार जुन्याच शाफ्टमधून उतरत. म्हणजे ज्या मनोऱ्याला आज खाणकामगारांच्या जीवनाचे प्रतीक मानतात, त्यातून ते कधी कामावर गेलेच नाहीत!

वास्तुरचना फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर यांची. पोलादी सांगाडा, त्यात भरलेल्या विटा आणि सरळ रेषा एवढ्यावरच त्यांनी सारे निभावले आहे. मात्र प्रवेशद्वारासमोरचे प्रशस्त प्रांगण आणि त्यामागे बरोबर मध्यभागी उभा ५५ मीटर उंचीचा मनोरा यांत कामाच्या सोयीइतकाच मालकांचा रुबाबही दिसतो, असे आम्हाला वाटते.

उपसा २३ डिसेंबर १९८६ रोजी थांबला आणि शेजारची कोक भट्टी १९९३ मध्ये विझली. पाडापाडी टळली, कारण राज्य सरकारने जागा विकत घेतली; २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळ ठरवले. कोळसा धुण्याच्या अवाढव्य इमारतीत २०१० पासून रूर या एसेनभोवतीच्या कोळसा-पट्ट्याचे संग्रहालय आहे, तर बॉयलरघरात औद्योगिक रचनेचे संग्रहालय आहे.

जमिनीखालचा वारसा मात्र तिकीट काढून पाहता येत नाही. दीडशे वर्षांच्या उपशामुळे रूर खोऱ्यातील जमीन काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत खचली असून पाणी सतत उपसले नाही, तर सखल वस्त्यांची तळी होतील. जर्मनीतील दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ मध्ये बंद झाली (योगायोगाने तिच्याही नावात हानिएल होते), तरी या पंपांचा खर्च चालूच राहणार असल्याने त्यासाठी २००७ मध्येच एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले.