विदर्भात पिकअपला हिवाळ्यासाठी वेगळे टायर घ्यावेत का?

भाऊ, तुमची पिकअप वरुडकडे चालते, हिवाळाभर कापूस आणि संत्रा वाहायचा आहे, आणि ऑनलाइन दिसलेले विंटर टायर घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. पैसे जातील आणि एप्रिल-मे मध्ये ते टायर पाहवणार नाहीत.

तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडायला लागतं. अशा थंडीत मऊ राहील असं रबर विंटर टायरला वापरतात, आणि बर्फ धरायला त्याच्या नक्षीवर बारीक बारीक चिरा असतात. खऱ्या विंटर टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते नक्षीपुरतं, बर्फातल्या चाचणीची खात्री त्यात नाही. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात नागपूरला पारा ३.५ अंशांवर आला होता, पण अशी पहाट क्वचित, आणि दुपारी तर ऊनच असतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या डांबरावर हे मऊ रबर भराभर झिजतं.

आपला हिवाळा टायरला त्रास देतो तो वावरात. तूर कापली, पराटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायच्या ऐवजी कापली, की जमिनीतून तिरपी, टोकदार खुंटं वर राहतात. वाळली की ती खिळ्यासारखी होतात. वावरात गाडी भरायला नेली आणि चाक धुऱ्याकडे जरा सरकलं की खुंट टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतं. नक्षीतलं पंक्चर निघतं, पण बाजू फाटलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये, तो बदलावाच लागतो. म्हणून दुकानात गेल्यावर आधी बाजूची भिंत किती दमदार आहे ते विचारा, जास्त प्लायचा, म्हणजे आतल्या थरांची ताकद जास्त असलेला, घ्या. नायलॉन टायरची (आतले धागे तिरपे असलेल्या जुन्या पद्धतीच्या टायरची) बाजू जाड असते खरी, पण माल भरून हायवेवर लांब पळवला की तो रेडियलपेक्षा (नक्षीखाली पोलादी पट्टे असलेल्या टायरपेक्षा) जास्त तापतो. तुमचा माल नागपूर-अमरावतीच्या मंडीत जात असेल तर जास्त प्लायचा रेडियलच बरा.

अवकाळी पाऊस आला की पांदण रस्त्याची काळी माती नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. अशा वेळी रुंद खाचांचा, माती आपोआप फेकणारा टायर मागच्या चाकांना लावा, कारण पिकअपचा जोर मागेच असतो. पुढे सरळ पट्ट्यांचा चालतो. निव्वळ चिखलाचे एमटी (मड टेरेन) टायर नका घेऊ, डांबरावर आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी धरतात. बहुतेकांना एटी (ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) पुरतात.

वजनाचा आकडा, म्हणजे लोड इंडेक्स, हाही बघा. तो बाजूवर साइझनंतर छापलेला असतो. तिथे १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, ११२ असेल तर ११२० किलो. कापसाची गाडी उंच दिसते पण हलकी असते, संत्र्याचे क्रेट खरे जड. गाडीसोबत आलेल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीच नको, कितीही स्वस्त मिळो.

हवा पहाटे, टायर थंड असताना मोजा. थंडीच्या दिवसांत ती थोडी उतरतेच, आणि कमी हवेवर भरलेली गाडी पळवली की बाजू तापून फुटते. चिखलातून निघायला हवा कमी केली असेल तर डांबरावर चढण्याआधी परत भरा, हे ड्रायव्हरलाही बजावून सांगा.

संत्रा घेऊन हिमाचल किंवा काश्मीरला जाणार असाल तरच बर्फाचा विचार करा. तेव्हाही चार विंटर टायर घेण्यापेक्षा मागच्या चाकांना बसतील अशा साखळ्या सोबत ठेवा, बर्फ लागला की चढवा, साखळ्यांवर हळू चालवा आणि डांबर लागताच काढा.

घेताना बाजूवरच्या बनवल्याच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर दुकानदार नवा म्हणून देत असेल तर दुसरा मागा.