घड्याळं नसताना प्राचीन लोकांना वर्षाची लांबी इतकी अचूक कशी कळली?
एका वर्षाच्या मोजणीवर ते विसंबून नव्हते. सरळ काठी रोवायची आणि दुपारची सावली वर्षात सर्वांत लांब कधी पडते ते पाहायचं. यात एखाद-दोन दिवसांची चूक सहज होते, कारण त्या सुमारास सावलीत फरक जेमतेम पडतो. पण १०० वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींमधले दिवस मोजून १०० ने भागले, की तीच चूक अर्ध्या तासाच्या आत येते! खरी कमाल पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या नोंदींची.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे ११ दिवस कमी. बाबिलोनमध्ये १९ वर्षांत ७ अधिक महिने घालून हा हिशेब जुळवला; १९ वर्षांत मिळून फरक उरतो सुमारे दोन तासांचा. इजिप्तने मात्र ३६५ दिवसच धरले, त्यामुळे त्यांचं वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस सरकत गेलं.