वाचक विचारतात : लॅपटॉपला फोरके मॉनिटर लावताना

यावेळी आलेल्या प्रश्नांत मॉनिटरचेच जास्त आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिलीय.

प्रश्न : सर, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पॅटर्नची ड्रॉइंग करतो. घरी कामासाठी २७ इंची फोरके मॉनिटर घेतला. लॅपटॉप जुना आहे पण चांगला चालतोय. एचडीएमआय वायर लावली, चित्र एकदम झकास आलं, पण माउस हलवला की मागनं ओढल्यासारखा येतो आणि मॉडेल फिरवलं की झटके बसतात. दुकानदार म्हणतो लॅपटॉप स्लो आहे, नवीन घ्या. खरंच बदलावा लागेल का?

उत्तर : इतक्यात काही बदलू नका. आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम, मग डिस्प्ले, मग खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, तिथं वर नवा मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट किती लिहिलाय ते वाचा. बहुतेक तिथं ३० हर्ट्झ असणार. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला फक्त ३० वेळाच बदलतंय, आणि माउस मागं राहतोय तो त्यामुळंच, त्यात प्रोसेसरचा काही दोष नाही.

हे का होतंय बघा. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. एवढे पिक्सेल सेकंदाला ६० वेळा पाठवायचे म्हटलं तर सेकंदाला साधारण १२ गिगाबिट डेटा वायरीतनं जायला लागतो, आणि जुन्या एचडीएमआय १.४ मधनं चित्रासाठी ८ गिगाबिटच्या आसपासच जातो. मावतच नाही, मग लॅपटॉप काही न सांगता ३० वर उतरतो. एचडीएमआय २.० मध्ये ६० हर्ट्झ बसतं आणि ते २०१३ मध्येच आलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं कमी किमतीच्या लॅपटॉपना १.४ चंच पोर्ट येत होतं, आणि बाहेरनं दोन्ही अगदी सारखी दिसतात, खोक्यावर नुसतं एचडीएमआय लिहिलेलं असतं. माणूस फसणार नाही तर काय होणार.

आता उपाय. तुमच्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे का बघा, आणि असेल तर त्याच्याजवळ थंडरबोल्टचं, म्हणजे विजेच्या बाणासारखं चिन्ह किंवा डी आणि पी एकात एक गुंतवल्यासारखं चिन्ह आहे का ते बघा. असेल तर त्यातनं चित्र बाहेर येतं, आणि मग सरळ सी टू डिस्प्लेपोर्ट वायर घ्या (डिस्प्लेपोर्ट म्हणजे एचडीएमआयसारखंच चित्राचं दुसरं पोर्ट), मध्ये दुसरं काही लावू नका, बहुतेक वेळा एवढ्यानंच ६० हर्ट्झ मिळतं. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा, कारण काही सी पोर्ट नुसतं चार्जिंग आणि डेटाचं काम करतात, आणि काही चित्र देतात पण चिन्ह छापलेलं नसतं. स्वस्तातले सी टू एचडीएमआय ॲडॉप्टर घेताना त्यावर फोरके आणि ६० हर्ट्झ दोन्ही स्पष्ट लिहिलंय का ते वाचा, नुसतं फोरके लिहिलं असेल तर तो ३० चाच धरून चाला. आणि डिस्प्लेपोर्टमधनं निघून एचडीएमआयला जाणारी साधी वायर एकाच दिशेनं चालते, उलटी लावली तर मॉनिटर काळाच राहतो, म्हणून मॉनिटर खराब समजून परत नेऊ नका.

हब किंवा डॉक, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी, त्यातनं जोडणार असाल तर अजून एक गोष्ट, आणि ही लोकांचं लै डोकं खाते. टाइप-सी वायरीत वेगवान डेटाच्या चार वाटा असतात. हबनं पेनड्राइव्ह वगैरेसाठी यूएसबी ३ चालू ठेवलं की त्यातल्या दोन तिकडं जातात, चित्राला दोनच उरतात, आणि लॅपटॉपचं डिस्प्लेपोर्ट जुनं १.२ वालं असेल तर परत ३० हर्ट्झ. मॉनिटरला स्वतःचा यूएसबी हब असेल तर त्याच्या मेनूत बऱ्याचदा यूएसबी २.० करायची सोय असते, ते केलं की चारही वाटा चित्राला मिळतात. पेनड्राइव्ह हळू चालंल, पण कीबोर्ड-माउसला यूएसबी २ भरपूर झालं.

यातलं काहीच जमलं नाही तर रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० करा, ते एचडीएमआय १.४ वर पण ६० हर्ट्झनं चालतं. रेषा थोड्या मऊ दिसतील पण मॉडेल फिरवायला त्रास होणार नाही, आणि बारीक मापं तपासताना परत फोरकेवर या. एवढं करूनही मोठी असेंब्ली जडच जात असेल तर लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी आहे का बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्राचं काम पण त्याच रॅममधनं होतं, दुसरी पट्टी टाकली की फरक कळतो, आणि ती नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त.

प्रश्न : आमचं लक्ष्मीपुरीत डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, छोटे अंक. नवीन मॉनिटरवर सगळं मुंगीएवढं दिसायला लागलं म्हणून स्केलिंग १५० टक्के केलं. आता ब्राउझर छान दिसतोय पण आमचं जुनं पेज लावायचं सॉफ्टवेअर पुसट दिसतंय, अक्षरांवर धुकं आल्यासारखं. मॉनिटर परत करू का?

उत्तर : परत करू नका, तुमच्या कामाला तर हा मॉनिटर फार उपयोगी आहे, का ते पुढं सांगतो. आधी धुकं. जुनी सॉफ्टवेअर लिहिली गेली तेव्हा एका इंचात ९६ पिक्सेल असं धरलेलं असायचं. तुमचा मॉनिटर २७ इंची फोरके असेल तर त्यात इंचाला १६३ येतात. जुन्या प्रोग्रॅमला हे ठाऊकच नसतं, तो आपल्या हिशोबानं छोटं चित्र काढतो आणि विंडोज ते ताणून मोठं करतं, म्हणून पुसट.

प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कंपॅटिबिलिटी, मग चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथं खाली ओव्हरराइडला टिक करून तीन पर्याय मिळतात. ॲप्लिकेशन निवडलं तर अक्षर काचेसारखं स्वच्छ पण मेनू बारीक, सिस्टिम निवडलं तर आकार बरोबर पण धुकं तसंच, आणि सिस्टिम एन्हान्स्ड हा मधला मार्ग आहे, काही जुन्या प्रोग्रॅमना तो चांगला लागू पडतो आणि काहींना अजिबात नाही, त्यामुळं लावूनच बघायला लागतं. दुसरं म्हणजे मोठा मॉनिटर मेन डिस्प्ले करा आणि विंडोजमधनं एकदा साइन आउट करून परत साइन इन करा. बरेच प्रोग्रॅम साइन इन करताना मेन डिस्प्लेचं जे स्केलिंग असेल तेच धरून बसतात, आणि तुमचा मेन डिस्प्ले अजून लॅपटॉपच असेल तर मोठ्या मॉनिटरवर ते पुसट दिसणारच.

एवढ्यानंही जमलं नाही तर मी तुमच्या जागी असतो तर कामाची वाटणी केली असती. पेज लावायचं ते लॅपटॉपच्या पडद्यावर, आणि पीडीएफ काढून प्रूफ वाचायचं ते फोरकेवर. कारण आपल्या देवनागरीला बारीक पिक्सेलचा जेवढा फायदा होतो तेवढा कमीच लिप्यांना होत असेल असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी अक्षर कमी पिक्सेलमध्ये पण ओळखू येतं, पण आपल्याकडं वर अनुस्वार, रफार, वेलांटी आणि खाली उकार, आणि मध्ये ‘ष्ट्र’ नाहीतर ‘द्ध्य’ सारखं जोडाक्षर, हे सगळं नऊ पॉइंटात फुल एचडीवर बघितलं की एकमेकांत मिसळून जातं. पत्रिकेतल्या ‘चि. सौ. कां.’ वरचा अनुस्वार राहिला तर तो प्रूफातच दिसायला पाहिजे, हजार पत्रिका छापून झाल्यावर नव्हे. फक्त रंगावर एवढ्यावरनं विश्वास टाकू नका, पिक्सेल वाढले म्हणून रंग खरा होत नाही, छपाईच्या रंगासाठी मशीन प्रूफच बघायचं.

नवीन घ्यायचाय आणि रोजचं पोट जुन्या सॉफ्टवेअरवरच आहे अशांनी मात्र २७ इंची क्यूएचडी, म्हणजे २५६० गुणिले १४४० वाला घ्यावा. इंचाला १०९ पिक्सेल, स्केलिंग १०० टक्केच ठेवायचं, काहीच पुसट होत नाही.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला आहे, मॉनिटर पाहिजे म्हणतो. घरात ४३ इंची फोरके टीव्ही आहेच, तोच लॅपटॉपला लावला तर चालेल का? (राजारामपुरीतल्या एक वाचक)

उत्तर : चालेल ताई, पण टेबल खोल पाहिजे. ४३ इंची टीव्ही जवळजवळ सव्वातीन फूट रुंद असतो, दोन फुटांवर बसला तर पोराची मान दिवसभर डावी-उजवी होत राहील. साडेतीन फुटांवर बसता येत असेल तर ठीक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या इनपुटला पीसी असं नाव द्या, बऱ्याच टीव्हीत नुसतं नाव बदललं की चित्रावरची प्रक्रिया बंद होते आणि अक्षरं सुधारतात. कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद करा. आणि लाल अक्षरांच्या कडा विस्कटल्यासारख्या दिसल्या तर टीव्हीला रंगांची माहिती कमी करून जातीय असं समजा, टीव्हीत त्या एचडीएमआय पोर्टला जास्त क्षमतेचा मोड असतो तो चालू करा. नाहीच झालं तर अभ्यासाला साधा २४ इंची मॉनिटर बरा.

प्रश्न : एम१ मॅकबुक एअरला दोन फोरके मॉनिटर लावले, हबमधनं दोन्हीवर एकच चित्र येतंय. हब खराब आहे का?

उत्तर : हब चांगला आहे. एम१, एम२ ही ॲपलच्या चिपांची नावं, आणि एम१ आणि एम२ एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ एअर दोन चालवतो पण झाकण मिटून, एम४ मध्ये झाकण उघडं ठेवून दोन चालतात. शिवाय एका वायरीतनं दोन वेगळी चित्रं पाठवायची जी पद्धत विंडोजवर चालते ती मॅकवर चालत नाही, म्हणून हबवर दोनदा तेच चित्र दिसतं. डिस्प्लेलिंक चिप असलेला डॉक घेऊन त्याचं सॉफ्टवेअर टाकलं की दुसरा मॉनिटर चालतो, ऑफिसच्या कामाला ठीक आहे, पण व्हिडिओ एडिटिंगला नको, आणि ओटीटीवरचे काही सिनेमे त्यावर काळे दिसतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठेत राहतो. गावाचा इतिहास लिहितोय, दिवसातनं बराच वेळ लॅपटॉपवर जातो आणि डोळे चुरचुरतात. २४ इंची फुल एचडी घेऊ की २७ इंची फोरके? फोरकेनं डोळ्यांचा त्रास कमी होतो म्हणतात.

उत्तर : गुरुजी, २४ इंची फुल एचडीत इंचाला ९२ पिक्सेल येतात आणि चांगल्या नजरेला ते सुटे दिसायचे बंद होतात साधारण तीन फुटांवर. २७ इंची फोरकेत तेच पावणेदोन फुटांवर होतं. तुम्ही दोन-सव्वादोन फुटांवर बसून लिहिणार, म्हणजे फोरकेवर अक्षर छापील पुस्तकासारखं दिसेल. लिखाण-वाचनाचंच काम आहे, बजेट असेल तर फोरकेच घ्या आणि स्केलिंग १५० टक्के ठेवा, गरज पडली तर १७५ करा, त्यात संकोच करू नका.

पण चुरचुरीला रिझोल्यूशन हे औषध नाही. पडद्याकडं बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानं डोळे कोरडे पडतात. पडद्याचा उजेड खोलीतल्या उजेडाएवढाच ठेवा, बऱ्याच नव्या मॉनिटरचा तो फार जास्त ठेवलेला असतो. खिडकी तुमच्या किंवा मॉनिटरच्या पाठीमागं येऊ देऊ नका. आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मॉनिटर जरा खाली ठेवा, नाहीतर काचेच्या खालच्या भागातनं बघायला हनुवटी वर करायला लागते आणि मान धरते. एवढं करूनही त्रास राहिला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, मॉनिटर त्यानंतर.

घ्यायला जाताना लॅपटॉप आणि त्याचा चार्जर बरोबर न्या. दुकानातच जोडून रिफ्रेश रेट वाचा, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून कुठं ठिपका अडकलाय का बघा, मग तुमच्या लिखाणातलं एखादं पान उघडून पाच मिनिटं निवांत वाचा. दुकानदार घाई करायला लागला तरी पान वाचून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.