कायद्याचं बोला: जर्मनीचा फॉर्म आणि किलोची वही

प्रश्न : वाळपईजवळ माझी काजूची छोटी फॅक्टरी आहे. फोडायला-सोलायला २२ बायका. त्यांतल्या ८ जणींना ठेकेदाराने घाटावरून उचल देऊन आणलंय. मध्येच निघून जाऊ नयेत म्हणून त्यांची आधार कार्डं त्याच्याकडेच असतात. माल मडगावच्या निर्यातदारामार्फत जर्मनीला जातो. आता त्याने बालमजुरी, सक्तीची मजुरी यांवर १४ पानी फॉर्म पाठवलाय. तिकडचा कायदा मला कसा लागू? माझ्या हजेरीपटावर एकही मूल नाही. सगळीकडे ‘नाही’ लिहून सही करू का?
– एक काजूवाला, सत्तरी

उत्तर : सही थांबवा, भाऊ.

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा तुम्हाला थेट लागू नाही. २०२३ पासून तो तिथल्या बड्या कंपन्यांना लागू झाला आणि २०२४ पासून किमान १००० कामगार असलेल्यांना. त्यांना माल पुरवणाऱ्यांचीही खबर ठेवावी लागते, म्हणून फॉर्म घरंगळत वाळपईला पोचला. युरोपीय संघाचा नवा नियम याहून कडक आहे. १४ डिसेंबर २०२७ पासून सक्तीच्या मजुरीतून आलेला माल तिथे विकताच येणार नाही, कंपनी केवढीही असो.

आता हजेरीपटाचं. मी कामगार निरीक्षक असताना एका फॅक्टरीला ‘मुलं नाहीत’ असा शेरा देऊन आले होते. जूनमध्ये शेजारच्या शाळेत गेले, तर चौथीतल्या एका मुलीची बोटं टरफलाच्या तेलाने काळी, कातडी सोलवटलेली. ती मे महिनाभर आईशेजारी बसून बिया फोडत होती. मजुरी किलोवर, वहीत नाव आईचं. तेव्हापासून मी आधी किलोची वही मागायची. एकाच बाईचे किलो शनिवारी आणि सुट्टीत फुगतात का, ते तुम्हीही बघा.

‘आईला मदत करतंय’ ही सबब चालत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदतीची सूट आहे, तीही धोक्याचं काम नसेल तरच. आणि फॅक्टरी तुमची आहे, त्या बाईची नव्हे. मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही.

मला जास्त काळजी मात्र तुम्ही ओघात लिहून गेलात त्या उचलीची आहे. उचल फिटेपर्यंत जाता येत नाही, कार्ड दुसऱ्याच्या खिशात: १९७६ चा वेठबिगारी कायदा अशाच बांधिलकीसाठी झाला. शिवाय किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं हीही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या खटल्यात म्हटलंय. तेव्हा किलोचा दर किमान वेतनाशी ताडून बघा, पैसे ठेकेदाराकडे न देता बायकांच्या खात्यात भरा. ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

फॉर्ममध्ये आहे तेच लिहा आणि काय सुधारताय तेही तारखेनिशी लिहा. हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ती ८ कार्डं परत गेलेली असली तर बरं.