स्टारच्या तक्त्याबद्दल

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गात स्टारचा तक्ता लावल्यापासून मुलं पाढे म्हणायला धावत येतात, पण गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की 'बाई, ह्येला किती स्टार?' असं विचारतात, आणि आता याचं काय करू, असं तू लिहिलंयस. माझं मत आधीच सांगते. तक्ता काढून टाक, पण एकदम नको. पुस्तकांचे स्टार आधी बंद कर, पाढ्यांचे मागाहून.

कारण पुस्तकांकडे ती आपणहून वळत होती. तूच कळवलं होतंस, जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन दोघी-तिघी कपाटापाशी बसतात आणि चित्रांवरून भांडतात. अशा ठिकाणी बक्षीस लावलं की मुलाचं लक्ष गोष्टीवरून उठतं आणि मोबदल्यावर जाऊन बसतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत हे तपासलं, लेख १९७३ चा. चित्रांची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर अवचित दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात तेच स्केचपेन मांडून ठेवले, बक्षिसाचं नाव काढलं नाही. पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अवचित मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत राहिली. प्रशस्तिपत्र दोघांनाही तेच होतं. पहिल्यांना नडली ती आधी घातलेली अट.

पाढ्यांचं जरा वेगळं आहे. ज्या कामाची गोडी अजून लागलेलीच नाही, तिथं सुरुवातीला थोडं आमिष दाखवलं तर फारसं बिघडत नाही. मात्र ते लवकर सुटलं पाहिजे, आणि त्याच्या जागी तुझा कौतुकाचा शब्द आला पाहिजे. डेसी, कोस्टनर आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये असे १२८ प्रयोग एकत्र तपासले. आधी कबूल केलेल्या वस्तूंनी आवड घटते, आणि लहान मुलांत जास्त घटते, हे त्यात दिसलं. कौतुकाच्या शब्दांनी तसं होत नाही.

पण कौतुक कसलं, हेही बघ. 'हुशार आहेस' एवढ्यावर सोडू नकोस. वहीजवळ बस आणि म्हण, 'सत्तेचाळीसातून एकोणतीस वजा करताना उसना घेतलेला दशक विसरला होतास, मग खोडून परत मांडलंस, आता बरोबर आलं.' म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं की 'हुशार' म्हटलेली मुलं पुढं सोपी कोडी निवडतात आणि एकदा चुकलं की लवकर हात टेकतात.

आता कन्नडबद्दल. मला खरं बोलायचंय ते याबद्दलच. कन्नडच्या तासाला स्टार दुप्पट केलेस, तरी मुलं ओढून आणल्यासारखी बसतात, असं तू लिहितेस. बसणारच. घरी मराठी, गल्लीत मराठी, शेतात मराठी. सीमाप्रश्नाची बोलणी ऐकत ती मोठी होतात. कन्नडबद्दलचा राग-लोभ आधी कानावर पडतो, कन्नड नंतर. त्यावर चमकी चिकटवून काय होणार?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शिकवत असताना चौथीतल्या एका मुलीनं घरचं हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, कन्नडमधलं बिल वर्गात आणलं. तिचे आजोबा ते दर महिन्याला दुकानदाराकडून वाचून घ्यायचे. ती बाकावर बिल पसरून, एकेका अक्षराखाली बोट सरकवत, पुटपुटत बसली. पहिली सापडली ती आजोबांच्या नावाची अक्षरं, आणि ती ओरडलीच, 'बाई, आमच्या आज्जोचं नाव!' मग पैसे भरायची शेवटची तारीख सापडली. त्या आठवड्यात वर्गात रेशनकार्डं आली, कुणी शेताचा पहाणी उतारा आणला, कुणी बसच्या पाट्या वहीत उतरवून आणल्या. शेजारपाजारचे तिच्याकडे बिल घेऊन यायला लागले. कुणी स्टार मागितला नाही. आपण घराच्या उपयोगाला येतो, हे तिला पुरलं. हे करून बघ. ज्यांच्या घरात दाखवण्यासारखा कागद नाही, त्यांना बसच्या पाट्या सांग, म्हणजे कुणी ओशाळणार नाही.

मनापासून शिकायला तीन गोष्टी लागतात, असं डेसी आणि रायन म्हणतात, ते हेच: स्वतः ठरवायला मिळणं, जमतंय असं कळणं, आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं. पहिल्याची सोय सोपी आहे. फळ्यावर तीन कामं लिही, आधी कुठलं करायचं ते त्यांना ठरवू दे. दुसऱ्यासाठी तुमच्याच शाळेतला नलीकलीचा वर्ग बघ. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली ही कृतीतून, आपापल्या गतीनं शिकायची पद्धत. मूल अभ्यासाच्या टप्प्यांच्या शिडीवर आपली पायरी बघतं आणि पुढचं कार्ड उचलतं. आपण कुठवर आलो ते त्याला कळतं, तेवढंच पुरतं. तिसरं त्या आजोबांच्या बिलातून मिळालंच.

तक्ता काढून टाकल्यावर काही दिवस कुरकुर होईल. सर्वांत जास्त स्टार असलेली मुलगी सर्वांत जास्त हिरमुसेल. तिच्याजवळ बस, तिनं काय काय वाचलं ते तिच्याकडून ऐक.

राहिली एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, अध्यक्षांची गोष्ट. पंधरा ऑगस्टला पहिल्या नंबराला पाचशे रुपये द्यायचं त्यांच्या मनात आहे. भला माणूस, त्यांना दुखवू नकोस. पण अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी २०११ मध्ये मांडलेला अनुभव त्यांना सांग. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेच्या गुणांवर मुलांना पैसे दिले, गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या पुस्तकामागे दोन डॉलर दिले, तिथं निदान इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. हे माझ्या म्हणण्याच्या थोडं आड येतं, तरी लपवत नाही. गुण कसे वाढवायचे हे मुलाला ठाऊक नसतं, पुस्तक उघडणं त्याच्या हातात असतं. शिवाय पहिला नंबर कुणाचा, हे तुमच्या गावात आत्ताच सगळ्यांना माहीत असेल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायला कशाला उभं राहायचं?

त्यापेक्षा तेवढ्याच पैशांची पुस्तकं कपाटाला मिळू देत. देणाऱ्याचं नाव आतल्या पानावर घालू, त्यांनाही बरं वाटेल. मराठी गोष्टींबरोबर कन्नडची मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तकं हवीतच. त्यांनी होकार दिला की कळव, यादी मी करून देते.

तुझी,
बाई